तालमीच्या बोर्डावर रोज चार ओळी

मी पेंटर आहे. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, दुधाच्या टँकरवरची म्हैस, शाळेच्या भिंतीवरचा महाराष्ट्र, निवडणुकीतली चिन्हं, असं सगळं रंगवून मी संसार केला. फ्लेक्स आला आणि ते काम हळूहळू संपलं. पण कोल्हापुरात मला कुणी ओळखत असेल तर ते त्या कामावरून नाही. आमच्या पेठेत तालमीच्या भिंतीवर एक काळा बोर्ड आहे. त्यावर गेली तीस वर्षं मी रोज सकाळी खडूने चार ओळी लिहितो. माझं नाव भूपाल. गाव जयसिंगपूरजवळचं, पण पेठेत मला सगळे बोर्डवाले पेंटरच म्हणतात.

बाहेरगावच्या वाचकाला थोडं सांगायला हवं. कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसता कुस्तीचा आखाडा नाही. पेठेचा गणपती तिथला, फुटबॉलचा संघ तिथला, भावाभावांत वाटणीवरून जुंपली तर बैठक तिथली, आणि निवडणुकीला कुणाला उभं करायचं हेही तिथेच ठरतं. बोर्ड मुळात मयताच्या आणि सभेच्या सूचनांसाठी होता. अक्षर चांगलं म्हणून ते काम माझ्याकडे आलं. सूचना लिहून झाली की खाली निम्मा बोर्ड रिकामा राहायचा. पेंटरला रिकामी जागा बघवत नाही. एक दिवस मी तिथे पेपरातली बातमी लिहिली आणि तिच्याखाली माझं मत लिहून टाकलं. दुसऱ्या दिवशी दूध आणायला निघालेली माणसं बोर्डापुढे थांबली. ती आजतागायत थांबतात.

यात हुन्नर काय, असं पुष्कळांना वाटतं. चालणारा माणूस बोर्डाला दहा पावलं देतो. दुचाकीवाला तेवढीही देत नाही. समोरच्या स्पीडब्रेकरवर गाडी हळू करेल तेवढाच त्याचा वेळ. म्हणून वरच्या दोन ओळींत बातमी आणि खालच्या दोन ओळींत आपलं म्हणणं. खडू पाण्यात भिजवून घ्यायचा. ओल्या खडूचं अक्षर लिहिताना दिसतसुद्धा नाही, पण वाळलं की पांढरंशुभ्र उठतं आणि कुणाचा खांदा घासला तरी पुसत नाही. मनातला मजकूर मात्र आधी नीट बसलेला लागतो, कारण लिहीत असताना आपलं आपल्यालाच वाचता येत नाही.

राजकारणावर तर रोजच लिहावं लागे. पुढारी पक्ष बदलायला लागले तेव्हा मी लिहिलं होतं: 'इकडचे साहेब तिकडे गेले. तिकडचे इकडे आले. रस्त्यातला खड्डा तेवढा एकनिष्ठ राहिला.' ती ओळ दोन्हीकडच्या लोकांनी एकमेकांना दाखवली आणि दोघांनीही ती दुसऱ्यावरच आहे असं मानलं. पुढे मोबाईल आले आणि माझ्या बोर्डाला नवा विषय मिळाला. 'फोन आता चेहरा बघून उघडतो. बँकेत मात्र अजून दोन फोटो आणि झेरॉक्स.' रंकाळ्यावर रील काढणाऱ्यांवर लिहिलं: 'काल सूर्यास्ताचं फार सुंदर रील झालं. सूर्यास्त बघायचा तेवढा राहिला.' आणि अलीकडे ते प्रश्नांची उत्तरं देणारं यंत्र आलं. मुलीने मला तिचा जुना फोन दिला आणि त्यात ते कसं चालवायचं तेही दाखवलं. मी त्याला पहिलाच प्रश्न विचारला, तो दुसऱ्या दिवशी बोर्डावर लिहिला: 'यंत्र कविता करतं, गणित सोडवतं. नळाला पाणी कधी येणार विचारलं, तर म्हणालं, स्थानिक प्रशासनाशी संपर्क साधा.' तो बोर्ड तीन दिवस कुणी पुसू दिला नाही.

गिऱ्हाइकंही एकेक यायची. एकदा गल्लीतल्या एक काकी आल्या आणि म्हणाल्या, "पेंटर, आमच्या ह्यांच्यावर लिव्हा. जेवतानासुदिक फोन ठेवंनात. नाव नका घालू."

मी लिहिलं: 'पेठेतल्या एका गृहस्थांना ताटात काय वाढलं ते तीन महिने ठाऊक नाही. फोन खाली ठेवल्यास कळेल.' संध्याकाळपर्यंत एकामागून एक सातजण येऊन विचारून गेले, "पेंटर, ही माझ्यावर हाय काय?" काकींचे यजमान त्या सातांत नव्हते. त्यांनी बोर्ड वाचलाच नव्हता. फोन बघत पुढे गेले होते.

असं सगळं बरं चाललं होतं आणि माझ्या डोक्यात थोडी हवाही गेली होती. पेठेत एखादी गोष्ट खरी का खोटी यावर वाद झाला की कुणीतरी म्हणायचं, "बोर्डावर आलीया." मग वाद मिटायचा. माणसाला याहून जास्त काय हवं? त्याच काळात माझ्या हातून जे झालं ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

कोडोलीचे सर्जेराव नावाचे एक गवळी आमच्या पेठेत दूध घालायचे. मोटरसायकलला दोन्ही बाजूंना किटल्या, डोक्याला मफलर, बोलणं मोजकं. पुष्कळ वर्षांची त्यांची उठबस होती. एक दिवस फोनवर एक व्हिडिओ आला. एक माणूस किटलीत पांढरी पावडर ओतून ढवळतोय. खाली मजकूर होता की हा कोडोलीचा गवळी आपल्याच भागात दूध घालतो, सगळ्यांना कळवा. व्हिडिओतला माणूस पाठमोरा होता, डोक्याला मफलर होता. तो मला तीन ठिकाणांहून आला. तीन ठिकाणांहून आला म्हणजे खरा असणार, असं मी धरून चाललो. तो एकच व्हिडिओ तीन दारांतून आलाय, हे डोक्यात आलं नाही. सकाळी मी बोर्डावर लिहिलं: 'कोडोलीच्या दुधात पावडर. व्हिडिओ सगळीकडे. पेठेने भांडं पुढे करण्याआधी डोळे उघडावेत.'

सर्जेराव नेहमीप्रमाणे आले. पहिल्या घराचं दार उघडलं नाही. दुसऱ्या घरातून "आज नको" म्हणून आवाज आला. मग त्यांनी बोर्ड वाचला. मी समोरच्या टपरीवर चहा घेत होतो. गाडी स्टँडवर लावून ते माझ्याकडे आले.

"पेंटर, ही तुम्हीच लिव्हलंय न्हवं?"

"व्हय."

"तुम्ही बघितलं व्हतं?"

"व्हिडिओ आलाय की फोनवर."

"दावा बघू."

मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो शांतपणे शेवटपर्यंत बघितला. मग परत सुरू केला, मध्येच थांबवला आणि माझ्यापुढे धरला. "ह्या माणसाच्या मागं दुकानाची पाटी हाय. काय लिव्हलंय तिच्यावर?"

मी बघितलं. पाटी मराठीत नव्हती, हिंदीतही नव्हती. कुठल्या तरी लांबच्या मुलखातली लिपी होती. मला ती वाचतासुद्धा येत नव्हती.

"कोडोलीत असली पाटी न्हाय," सर्जेराव म्हणाले. "माझ्यापेक्षा तुमास्नी वाचाय जास्त येतंय. तुमचा तर धंदाच पाट्यांचा."

ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. ते गाडीला किक मारून निघून गेले. त्या दिवशी त्यांच्या किटल्या भरलेल्याच परत गेल्या.

मी तेव्हाच बोर्ड पुसला आणि लिहिलं: 'सकाळी दुधाबद्दल लिहिलं ते खोटं होतं. व्हिडिओ इथला नाही. मी न बघता लिहिलं. मी चुकलो. भूपाल पेंटर.' तालमीचे अध्यक्ष आबा, जुने पैलवान, आवाज मोठा, लगोलग आले.

"पेंटर, एका दिसात पुसून टाक. बोर्डाची इज्जत जाईल."

"गेलीच आहे आबा. आता निदान कुठं गेली ते तरी लोकांना कळू दे."

आठ दिवस मी बोर्डावर दुसरं काही लिहिलं नाही. पण चूक जेवढ्या घरात गेली होती तेवढ्या घरात माफी गेली नाही. चूक लोकांनी फोटो काढून पुढे पाठवली होती. माफीचा फोटो कुणी काढला नाही. निम्म्या घरांनी दूध परत सुरू केलं, निम्म्यांनी पिशवीचं दूध धरलं ते धरलंच. महिन्याभरात सर्जेराव पेठेत यायचे बंद झाले.

मी कोडोलीला गेलो. त्यांचं घर विचारत पोचलो. सर्जेराव गोठ्यात होते. मी जे बोलायचं ठरवून गेलो होतो त्यातलं निम्मंच तोंडातून निघालं. त्यांनी ऐकून घेतलं आणि बसा म्हणाले. त्यांच्या बायकोने चहा आणला, कप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "घ्या पावणं. पावडरीचाच हाय."

मी तो चहा प्यालो. इतका चांगला चहा मी तोवर प्यालो नव्हतो आणि इतका अवघड गेलेलाही नाही. सर्जेराव आता जोतिबाच्या वाटेवरच्या हॉटेलांना दूध घालतात आणि त्यांचं बरं चाललंय, असं कळतं. ते बरं चाललंय यात माझा काही हातभार नाही.

परत आल्यावर मी नियम केला. ज्याच्याबद्दल लिहायचं त्याला आधी विचारायचं. जिथलं आहे तिथे जाऊन येण्यासारखं असेल तर जायचं. आणि चित्र आलं की माणूस बघण्याआधी मागच्या पाट्या बघायच्या. हे शेवटचं माझ्या धंद्यातलंच होतं, आणि तेच मी विसरलो होतो. पुढे लोक आपणहून फोन घेऊन माझ्याकडे यायला लागले. "पेंटर, ही खरं हाय काय?" मी चष्मा लावायचो, फोटो मोठा करायचो आणि पाट्या वाचायचो. अमक्या गावचा दंगा म्हणून आलेल्या फोटोत दुसऱ्याच राज्यातली एसटी सापडायची. कालचा म्हणून आलेल्या मोर्च्यात कधीच बंद पडलेल्या थिएटरचा बोर्ड दिसायचा.

एका पावसाळ्यात पंचगंगेला पाणी वाढत होतं. सकाळी सगळ्यांच्या फोनवर फोटो आला, की पाणी आमच्या पेठेच्या खालच्या चौकात शिरलंय आणि आता तासाभरात तालमीपर्यंत येतंय. बायका कपाटं रिकामी करायला लागल्या. एका घरात म्हातारे आजोबा अंथरुणाला खिळलेले. त्यांना खाटेसकट उचलून जिन्यावरून न्यायची तयारी झाली. चौघांनी खाट धरली होती आणि आजोबांना धाप लागली होती. त्यांच्या सुनेने मला हाक मारली. मी तिच्या फोनवरचा फोटो मोठा केला. पाण्यात निम्मं बुडालेलं एक किराणा दुकान दिसत होतं आणि त्याच्यावर पाटी होती. पिवळ्यावर लाल अक्षरं, 'स्टोअर्स'मधल्या 'र्स'चा रफार जरा जास्तच वर गेलेला. तो रफार माझा होता. ती पाटी मीच रंगवली होती, तो रफार चुकला म्हणून दुकानदाराची बोलणीही खाल्ली होती. आणि ती पाटी काढून तिथे फ्लेक्स लागल्याला कित्येक वर्षं झाली होती.

"खाट खाली ठेवा," मी म्हणालो. "हा फोटो जुन्या पुरातला आहे. ही पाटी आता त्या दुकानावर नाही."

"नक्की काय, पेंटर?"

"अक्षर माझं आहे की."

तरी मी खालच्या चौकात जाऊन आलो. रस्ता ओला होता, पाणी नव्हतं. मग बोर्डावर लिहिलं: 'खालचा चौक कोरडा आहे. आत्ता चालत जाऊन बघितला. फोटो जुना. दुपारी परत जाऊन लिहीन.' त्या दिवशी मी तीन वेळा गेलो आणि तीन वेळा लिहिलं. पाणी चौकापर्यंत आलंच नाही, बरंच आधी थांबलं. मला आयुष्यात कुठला पुरस्कार मिळाला नाही, पण पेठेतली माणसं त्या दिवशी फोन खिशात ठेवून बोर्ड वाचायला येत होती, हे मी बघितलं आहे.

आता शालनताईंची गोष्ट. शालनताई पेठेत शिवणक्लास चालवतात. माहेर गडहिंग्लजकडचं, बोलणं खणखणीत, मोठ्या बायकांना अजून अक्का म्हणतात. महापालिकेची निवडणूक यायची होती, आचारसंहिता लागायची होती आणि वॉर्ड बाईसाठी राखीव झाला होता. तालमीने त्यांना उभं करायचं जवळजवळ ठरवलं होतं. शेवटची बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी होती. त्याच्या आदल्या दिवशी दुपारी एक क्लिप आली. शालनताईंचा आवाज. 'या पेठेतील लोकांना मी चांगली ओळखते. एका जेवणावर ते मत देतील. मला त्यांची किंमत ठाऊक आहे.'

पेठ पेटली. आबा फोन हातात नाचवत माझ्याकडे आले.

"उद्या बोर्डावर ही आलं पायजे. शब्द न् शब्द."

"शालनताईंना विचारलं?"

"काय विचारायचं? तिचाच आवाज हाय की. तू ऐक."

"ऐकला. आवाज त्यांचाच आहे. पण यंत्र आता आवाजही काढतं, आबा. मी त्यांना विचारून येतो."

"बोर्ड तालमीचा हाय, पेंटर. ध्यानात ठेव."

"बोर्ड तालमीचा, खडू तालमीचा. हात माझा आहे. तुम्ही दुसरा हात बघा."

तीस वर्षांत मी आबांना उलट बोललो नव्हतो. ते तडक वळून गेले. मला वाटलं, बोर्ड सुटला.

शालनताई मशीनवर बसल्या होत्या, पण मशीन बंद होतं. क्लासला एकही बाई आली नव्हती. डोळे लाल होते.

"आवाज माझा हाय," त्या म्हणाल्या. "मी बोलले न्हाय. आता कुनाकुनाला सांगू? माझी सासूसुदिक दोनदा ऐकून माझ्याकडं बघाय लागल्या."

मी ती क्लिप तिथे बसून चार वेळा ऐकली. पाट्या वाचायची सवय असलेला माणूस मी, आवाजात काय वाचणार? चौथ्या वेळी एक शब्द कानात अडकला. तो मी मनातच ठेवला, कारण माझी खात्री नव्हती आणि एकदा खात्री नसताना लिहून काय होतं ते मी बघितलं होतं.

सकाळी बोर्डावर लिहिलं: 'एक क्लिप फिरते आहे. शालनताईंना विचारलं. त्या नाही म्हणतात. खरं काय ते मला अजून कळलेलं नाही, म्हणून क्लिप इथे लिहिली नाही.' बोर्डापुढे ही गर्दी. काही म्हणाले पेंटर फितूर झाला. एकजण म्हणाला, म्हातारा झाला.

बैठकीत आरडाओरडा सुरू झाला तेव्हा मी उभा राहिलो. बोर्डावर तीस वर्षं बोललो, पण बैठकीत कधी तोंड उघडलं नव्हतं. मी म्हणालो, "आबा, क्लिपमधलं पहिलं वाक्य शालनताईंना सगळ्यांपुढं बोलायला सांगा. कागदावर न बघता. त्यांना जसं बोलायचं तसं."

"त्येनं काय हुनार?"

"होऊ दे तरी."

शालनताई उठल्या. राग होताच. त्या एका दमात म्हणाल्या, "ह्या पेठंतल्या लोकास्नी मी चांगली वळखती."

मग मागे बसलेल्या एका आजी म्हणाल्या, "मोबाईलमधली बाई 'पेठेतील' म्हनती. ही पोरगी लग्न हून आल्यापास्नं माझ्या शेजारी हाय. 'पेठेतील' तिनं कधी तोंडातनं काढलंय? ती काय सरकारी नोटीस हाय?"

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. आबांनी क्लिप पुन्हा लावली. त्यांनी ती कान देऊन ऐकली, फोन खिशात टाकला आणि म्हणाले, "उमेदवार शालनताई. आनि पेंटर, बोर्ड पुस. नवीन लिव्ह." यापेक्षा जास्त माफी आबांनी आयुष्यात कुणाची मागितलेली नाही. क्लिप कुणी केली ते आम्हाला कधी कळलं नाही.

शालनताई निवडून आल्या. थोड्या मतांनी, पण आल्या. पेठेला वाटलं, आता बोर्डावर त्यांच्याबद्दल गोड गोड येणार. आमच्याच गल्लीतली गटार दोन महिने उघडी होती. मी त्यांना तीन वेळा विचारलं. प्रत्येक वेळी त्या घाईत होत्या. मग मी लिहिलं: 'गल्लीतली गटार उघडी. नगरसेविकांना तीनदा विचारलं. उत्तर नाही. पाय तुम्हीच सांभाळा, शालनताईंना वेळ नाही.'

तासाभरात त्या आल्या. पदर खोचलेला, हातात फाईल. बोर्ड वाचला. बघणारे बाजूला सरकले. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार.

"खडू द्या," त्या म्हणाल्या.

तीस वर्षांत त्या बोर्डाला माझ्याशिवाय कुणाचा हात लागला नव्हता. मी डब्यातला खडू काढून दिला. माझ्या चार ओळींखाली त्यांनी लिहिलं: 'नीवीदा निघाली हाय. आठ दिसात काम सुरू न्हाय झालं तर मलाबी हितं लिव्हा. शालन.' अक्षर उतरणीला लागलं होतं, वेलांट्यांचं काही विचारू नका. माझा हात शिवशिवला. पण मी एक काना इकडचा तिकडे केला नाही.

काम अकराव्या दिवशी सुरू झालं. तीन दिवस उशीर झाला, तोही मी लिहिला.